दोन मॅरेथॉन, एक साखळी

३ जानेवारी १९३७, रविवार

भीकमचंद शेठजींनी ही डायरी दिली. त्यांच्या कापसाच्या जिनिंगच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते नव्या वर्षाची डायरी देतात. मी गिऱ्हाईक नाही, पण तालुक्याचा मोजणीदार आहे, आणि मोजणीदाराला कोणी विसरत नाही. बावीस वर्षं नंदुरबार तालुक्यातली शेतं मोजतो आहे. हिलाल मोजणीदारानं रोवलेला खुणेचा दगड अजून कोणी हलवलेला नाही. हे मी गर्वानं लिहीत नाही, पण डायरी खाजगी आहे, तेव्हा लिहायला हरकतही नाही.

डायरीबरोबर शेठजींनी कामही दिलं. मागच्या साली जर्मनीत मॅरेथॉन नावाची शर्यत झाली, सव्वीस मैलांची, आणि जिंकणारा दोन तास एकोणतीस मिनिटांत आला, असं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं आहे. त्यांच्या नव्या व्यायामशाळेचं उद्घाटन तसल्याच शर्यतीनं व्हायचं आहे आणि रस्ता मी मोजून द्यायचा आहे. सव्वीस मैलांच्या वर काही यार्डही असतात, असं मी निदर्शनास आणलं. शेठजी म्हणाले, वरचे यार्ड आपण सोडून दिले.

६ जानेवारी

रतिलाल पाटलांनी मळ्यात हुरड्याला बोलावलं. हुरडा निमित्त होतं. त्यांनाही मॅरेथॉन भरवायची आहे, शेठजींच्या नंतर बरोबर आठ दिवसांनी. शेठजींचं जिन आणि पाटलांचा मळा यांच्यामधल्या बांधाचा वाद तीन वर्षांपूर्वी मीच मिटवला. तेव्हापासून ते दोघंही मला मानतात आणि एकमेकांना मानत नाहीत.

पाटलांची शर्यत तापीकाठच्या प्रकाशा तीर्थाच्या सडकेनं जाणार. तेराव्या मैलाच्या दगडाला हात लावायचा आणि परत फिरायचं. दगड सरकारी आहेत, त्यामुळे मोजायला काही नाही, असं ते म्हणाले. मला जरा लागलं. हुरडा मात्र कोवळा होता.

१० जानेवारी, रविवार

शेठजींचा रस्ता मोजला. ही गाडवाट आहे, निमखेड्याच्या दिशेनं जाते, एकही मैलाचा दगड नाही. म्हणजे सगळा भार माझ्या साखळीवर.

इथे एक अडचण आली ती लिहून ठेवतो. आयुष्यभर मी एकर आणि गुंठे मोजले. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, झाला गुंठा. मैल मात्र कधी मोजायची वेळ आली नव्हती, ते सडकेच्या खात्याचं काम. तेव्हा माळ्यावरून शाळेतलं अंकगणिताचं पुस्तक काढलं. त्यात स्वच्छ छापलेलं आहे, ऐंशी साखळ्यांचा एक मैल. तेरा मैलांच्या एक हजार चाळीस साखळ्या. शिपाई नवलसिंगला दुसरं टोक धरायला घेतलं आणि सूर्य उगवताच निघालो. हजार चाळिसावी साखळी निमखेड्याच्या मारुतीसमोर, कडुनिंबाखाली पडली. तिथे चुन्यानं रेघ मारली.

दुपार टळायच्या आत काम आटोपलं. नवलसिंग म्हणाला, फार जलदी झालं. मी त्याला सांगितलं, हात बसलेला असला की जलदीच होतं.

११ जानेवारी

मंगलाबाईंना, म्हणजे माझ्या पत्नीला, शर्यतीत रस नाही, पण निमखेड्यात त्यांची बहीण राहते. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "मी बहीणकडे सकायनी निंघस, दोन घटका बोलीसन दिन बुडाना आत घर येस. परकासाले ते गाडाम्हाबी पुरा दिन जास. मंग निमखेडं आनि तेरावा दगड सारखा कसा व्हयना?"

मी हसलो. बहिणीकडे जाताना बाईमाणसाला वाट छोटीच वाटते, आणि देवाला जाताना लांब. त्यांना साखळीचं गणित समजावून सांगितलं. त्यांनी भाकरी उलटली. पटलं असावं.

२४ जानेवारी, रविवार

नंदुरबारचं नाव जगात झालं.

सकाळी सात वाजता जिनच्या फाटकापासून अठरा जण पळाले. त्यातले सोळा जिनचे हमाल, एक न्हावी आणि एक शेठजींचा पुतण्या किशनलाल. किशनलाल बावीस वर्षांचा, दिवसभर कापडाच्या दुकानात गादीवर बसणारा, पोट नुकतंच धोतरावर येऊ लागलेलं. घड्याळ स्टेशनावरून मागून आणलं होतं आणि ते माझ्या हातात होतं.

एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांनी किशनलाल पहिला आला. मी घड्याळ कानाला लावून पाहिलं, चालू होतं. जर्मनीच्या पठ्ठ्यापेक्षा एकेचाळीस मिनिटं आधी! आणि त्याच्यामागे दहा पावलांवर सगळे हमाल एका ओळीत, शिस्तीत. एवढ्या जवळ येऊनही एकालाही त्याला मागे टाकता आलं नाही, यावरून त्याच्या वेगाची कल्पना यावी. हमाल तर धापही टाकत नव्हते, इतके ते निराश झाले होते.

शेठजींनी पेढे वाटले. मला दोन द्रोण.

२६ जानेवारी

शेठजींनी मुंबईला तारा केल्या. किशनलालला तिथल्या मोठ्या शर्यतीत उतरवणार. २२ फेब्रुवारीचं तिकीट काढलं, आणि आदल्या दिवशी गावातर्फे सत्कार. किशनलाल भेटला. पांढरा पडला आहे, जेवण तुटलं आहे. मोठेपण पेलणं सोपं नसतं.

२८ जानेवारी

पाटलांना झोप नाही. त्यांना आता नुसती शर्यत नको, किशनलालपेक्षा पुढचा माणूस हवा. त्यांनी खापरला माणूस धाडून उखाला बोलावलं आहे. उखा डाकेचा हरकारा. खापरहून डाकेची थैली घेऊन काठी गावाकडच्या डोंगरात जातो, वीस वर्षं जातो आहे. हातात घुंगरांची काठी, पायात काही नाही. त्याच्या घुंगरावर डोंगरातली माणसं वेळ ओळखतात म्हणे. त्यानं कधी शर्यत म्हणून धावलेलं नाही, पण पाटलांना नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

३१ जानेवारी, रविवार

पाटलांची मॅरेथॉन. मला लिहिताना वाईट वाटतं.

प्रकाशाच्या सडकेवर वीस जण पळाले. एक तास पंचेचाळीस मिनिटांनी बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली, कारण शेठजींच्या वेळेच्या आत उखा येणार असा पाटलांचा शब्द होता. दोन तासांनी बँडवाले दमले. अडीच तासांनी लोक घरी गेले. भीकमचंद शेठजी खुर्ची टाकून बसले होते, ते तेवढे शेवटपर्यंत बसले.

तीन तास चार मिनिटांनी घुंगरं ऐकू आली. उखा आला, काठी भिंतीला लावली, पाणी मागितलं. दुसरा माणूस साडेचार तासांनी आला. बाकीच्यांना पाटलांच्या गाड्या जाऊन घेऊन आल्या. उखाला कोणी हार घातला नाही, हार केव्हाच सुकून गेला होता. पाटील त्याच्याकडे न बघता मळ्यात निघून गेले. उखा काठी उचलून परत खापरच्या वाटेला लागला.

३ फेब्रुवारी

धुळ्याच्या साप्ताहिकासाठी दोन्ही शर्यतींची तुलना लिहून पाठवली. दोघांचं खाल्लं असल्यामुळे मी निःपक्षपाती आहे. शेठजींची गाडवाट मऊ मातीची, पायाला सुखाची. पाटलांची सडक खडीची, वर तापीकडून समोरचा वारा. तरीही सव्वा तासाचा फरक वाऱ्यानं पडत नाही, हे मी स्पष्ट लिहिलं. शेवटचं वाक्य चांगलं उतरलं आहे, ते इथे उतरवून ठेवतो: "गादीवर वाढलेला तरुण जे अंतर पावणेदोन तासांत तोडतो, त्याला सरकारी पगार घेणाऱ्या हरकाऱ्यास तीन तास लागावेत, याचा संबंधितांनी विचार करावा."

७ फेब्रुवारी

छापून आलं. माझं नाव ठळक अक्षरांत. मंगलाबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, उखानं तुमचं काय बिघडवलं होतं. मी म्हटलं, हे वाङ्मय आहे.

१४ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दारात उखा. खापरहून चालत आलेला. पायाला फडकं बांधलेलं आणि फडक्यावर रक्त.

संबंधितांनी विचार केला. डाकेचे एक साहेब तपासणीला आले होते, त्यांनी साप्ताहिक वाचलं. खापरहून डोंगरातल्या ठाण्यापर्यंत उखाला साडेतीन तास लागतात. त्याला पावणेदोन तासांत पोचायचा हुकूम झाला आहे. मार्चच्या एक तारखेपर्यंत जमलं नाही, तर काठी आणि थैली दुसऱ्याच्या हातात. चार-पाच दिवस तो जीव तोडून पळतो आहे. सगळ्यात चांगला दिवस तीन तास.

मला वाटलं तक्रारीचा अर्ज लिहून मागायला आला असेल. तसं नव्हतं. तो ओसरीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "आप्पा, मी सुस्त शे असं कागदम्हा छापीसन उनं. किशनलालशेट काय खातस, कसा पयतस, ते पुसाले उनू. मी शिकी लिसू."

मला त्याच्याकडे बघवेना. त्याला घेऊन किशनलालच्या दुकानात गेलो. किशनलाल गादीवर होता, आम्हाला बघून उठून उभा राहिला. काय खाल्लं होतं विचारलं तर म्हणाला, काकू धनकंवर मठरी देते ती खाल्ली होती. कसा पळालो ते मला खरंच माहीत नाही, असं शपथेवर सांगितलं. मुंबईचं नाव निघताच त्याचे डोळे भरले.

मग उखा म्हणाला, मला ती वाट दाखवा. पायाचं फडकं मंगलाबाईंनी नवीन बांधून दिलं. मी स्टेशनावरून घड्याळ आणलं. जिनच्या फाटकापासून तो निघाला, रोजच्या चालीनं. मी सावलीत बसलो. एक तास एकतीस मिनिटांनी घुंगरं वाजली. मला वाटलं अर्ध्यातून परतला. पण त्याच्या कपाळाला निमखेड्याच्या मारुतीचा शेंदूर होता.

मी त्याला म्हटलं, उखा, तू किशनलालचाही विक्रम मोडलास. तो पाणी प्याला, फडकं घट्ट केलं आणि म्हणाला, "हाई वाट लहान शे, आप्पा."

१५ फेब्रुवारी

कचेरीत आजारी असल्याचं कळवून साखळी घेतली आणि नवलसिंगसह प्रकाशाच्या सडकेवर गेलो. पहिल्या दगडापासून ऐंशी साखळ्या टाकल्या. दुसरा दगड नव्हता. समोर नुसती सडक आणि एक म्हैस. पुढे मोजत गेलो. एकशे साठाव्या साखळीला दगड सापडला.

सडकेच्या खात्यानं दगड चुकीचा रोवला, हे उघड होतं. नवलसिंगला तसं सांगितलं आणि वहीत टिपूनही घेतलं. तिसरा दगडही एकशे साठाव्या साखळीला. खात्याचा कारभार किती ढिला आहे, याची तक्रार मनात तयार करत चौथ्याकडे निघालो. चौथाही एकशे साठ.

त्या दगडावर बसलो. साखळी मांडीवर घेतली. माझी साखळी तेहतीस फुटांची. बावीस वर्षं हातात आहे, तिची कडी न् कडी मला ठाऊक. पुस्तकातली साखळी किती फुटांची, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. घरी येऊन पान उलटलं. मागच्याच पानावर आहे. सहासष्ट फूट.

निमखेडं साडेसहा मैलांवर आहे. जाऊन येऊन तेरा. ही गोष्ट मंगलाबाईंना भाकरी थापताना माहीत होती.

१७ फेब्रुवारी

कोणाला सांगितलेलं नाही. शेतांची मोजणी बरोबर आहे, गुंठ्याला तेहतीस फूटच लागतात. पण हे कोण ऐकून घेणार? हिलालची साखळी खोटी, एवढंच तालुका ऐकेल, आणि बावीस वर्षांचे मिटलेले बांध एका दिवसात पुन्हा पेटतील. माझ्याजवळ या नावाशिवाय दुसरं काही नाही.

मधली वाट शोधतो आहे. डाकेच्या साहेबांना लिहावं की डोंगर आणि सपाटी यांत फरक असतो. त्यात खोटं काही नाही. किशनलाल मुंबईत हरेल, थोडे दिवसांत लोक विसरतील. दोन मसुदे केले. दोन्ही चांगले उतरले, म्हणून फाडले. चांगलं उतरलेलं वाक्य काय करतं ते मी उखाच्या पायावर पाहिलं आहे.

१८ फेब्रुवारी

न राहवून मंगलाबाईंना सगळं सांगितलं. मी तर म्हटलंच होतं, असं त्या म्हणतील म्हणून तयारीत होतो. तसं म्हणाल्या नाहीत. पदरानं हात पुसले आणि विचारलं, "जो रातना बांध सरकाडस आनि सकायले गप बठस, त्याले तुम्ही काय म्हंतस?"

त्याला मी काय म्हणतो ते सगळ्या तालुक्याला माहीत आहे. दर पंचनाम्यात लिहितो.

२१ फेब्रुवारी, रविवार

सत्कार. व्यायामशाळेच्या अंगणात मांडव, पुढे शेठजी, बाजूला किशनलाल हारांत बुडालेला. पाटीलही आले होते, न आले तर जळले म्हणतील म्हणून. प्रास्ताविक माझं होतं.

मी उभा राहिलो आणि साखळी टेबलावर ठेवली. मैल कसा मोजला, पुस्तक काय म्हणतं, माझी साखळी किती फुटांची, सगळं ओळीनं सांगितलं. शेठजींची मॅरेथॉन तेरा मैलांची होती. पाटलांची पुरी सव्वीस. चूक ना किशनलालची, ना उखाची. माझी, आणि लेखही माझा. खाली बसायचं विसरून तसाच उभा राहिलो.

मग शेठजींनी शांतपणे पुतण्याकडे बघितलं. "हिलालभाऊ, घबरानेका काम नही. बाकी के तेरा मैल ये अब्भी दौड लेगा."

किशनलाल खुर्चीवरून उठला, हारांसकट माझ्या पाया पडला आणि तसाच खाली बसून राहिला. तो रडत होता की हसत होता, हारांमुळे दिसलं नाही. मुंबईचं तिकीट रद्द झालं.

पाटील एकदम उभे राहिले. साऱ्या खानदेशात खरी मॅरेथॉन एकच झाली आणि ती आपली, असं त्यांनी जाहीर केलं. मग एक हमाल मागून हळूच म्हणाला की मालकाच्या माणसाला मागे टाकू नये म्हणून ते सगळे रेंगाळत पळाले होते, नाहीतर अजून लवकर आले असते. शेठजींनी थोडा विचार केला आणि सांगितलं, पुढल्या सालीही आपली शर्यत अर्धीच राहील. लोक जेवायच्या वेळेला घरी पोचतात, ऊन चढायच्या आत सगळं आटोपतं, पुऱ्या शर्यतीत ही सोय नाही. लोकांना ते पटलं. निघताना पाटलांच्या शर्यतीत पळालेले दोघं जण शेठजींकडे नाव घालताना मी पाहिले.

मला पेढे मिळाले नाहीत.

२२ फेब्रुवारी

उजाडायला दारात सात माणसं, दुपारपर्यंत एकवीस. सगळ्यांना शेतं पुन्हा मोजून हवीत. ज्याच्या बाजूनं मी निकाल दिला होता तोही आला आणि ज्याच्या विरुद्ध दिला होता तोही. मंगलाबाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि ओळीनं बसवलं. एकेकाला गुंठा समजावून सांगतो आहे. तीन जणांना पटलं. बाकीचे उद्या येतो म्हणाले.

साप्ताहिकाला दुरुस्ती पाठवली. डाकेच्या साहेबांनाही दाखला पाठवला, सहीशिक्क्यानिशी. अलंकार एकही घातला नाही.

२७ फेब्रुवारी

साहेबांचं उत्तर आलं. साहेब भले आहेत. हरकाऱ्याची वेळ पूर्ववत साडेतीन तास ठेवली आहे. मात्र खापरपासूनच्या त्या टप्प्याचं खरं अंतर कचेरीत कोणालाच माहीत नाही, दप्तरी अंदाजानं चौदा मैल आहे, तेव्हा आपण मोजून कळवावं, अशी विनंती. आपण म्हणजे मी. पत्र दोनदा वाचलं.

४ मार्च, खापर

दोन दिवस डोंगरात साखळी टाकली. एक टोक नवलसिंगकडे, एक माझ्याकडे, उखा पुढे वाट दाखवायला. त्याला सांगितलं, जरा हळू चाल. तो म्हणाला, हळूच चालतो आहे. दर एकशे साठ साखळ्यांना एक खडा खिशात टाकायचा ठरवलं होतं. वर ठाण्याशी पोचल्यावर खडे तिघांनी तीनदा मोजले. सतरा. दप्तरात चौदा असलेले सतरा मैल हा माणूस वीस वर्षं रोज पळतो आहे, आणि उशिरा आला असं कोणी म्हटलेलं नव्हतं, माझ्याआधी.

आज सकाळी खापरच्या डाकघरासमोर त्याला सगळं सांगितलं. तुझी वेळ तुला परत मिळाली, टप्पा तीन मैलांनी मोठा निघाला, कागद वर गेला. तो ऐकत होता. खडे आणि मैल यांच्यात त्याचं लक्ष नव्हतं. मी थांबल्यावर त्यानं विचारलं, "मंग मी सुस्त नही ना, आप्पा?"

मी म्हटलं, "नही रे, उखा. मन्ही चूक व्हती."

तो म्हणाला, पहिलं कागदावर आलं होतं, तर हेही कागदावर पाहिजे. ते बरोबर होतं. मी वहीतलं पान फाडलं आणि लिहिलं, "उखा सुस्त नाही." खाली सही केली, हुद्दा लिहिला. त्यानं शिक्का मागितला. मोजणीचा शिक्का बरोबर होता, तोही मारला. त्याला वाचता येत नाही. त्यानं कागद उलटसुलट बघितला, शिक्क्यावर फुंकर मारून शाई वाळवली, चार घड्या केल्या आणि डाकेच्या थैलीत, सरकारी टपालाबरोबर ठेवला.

मग थैली खांद्यावर टाकून काठी घेतली आणि निघाला. मी घड्याळ बरोबर आणलं नव्हतं. घुंगरं ऐकू येईनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.